गावाचं युद्धस्मारक: नावं आधी, दगड मग, आकार शेवटी

विचारणा गुहागर तालुक्यातल्या एका गावातून आली आहे. जुनी चावडी पाडली तेव्हा तिच्या भिंतीतली पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी काढून शाळेच्या व्हरांड्यात ठेवली आणि ती अजून तिथेच भिंतीला टेकून उभी आहे. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर इंग्रजीत आहे. नाव एकही नाही. आता माजी सैनिक, ग्रामपंचायत आणि मुंबईचं ग्रामस्थ मंडळ मिळून नवं स्मारक बांधायचं ठरवत आहेत. मंडळाने पाठवलेल्या चित्रात काँक्रीटच्या चौथऱ्यावर बंदूक घेतलेल्या जवानाचा फायबरचा पुतळा आहे, मागे तिरंगी कमान आणि समोर गॅसची ज्योत. चित्र योग्य आहे का, दगड कोणता घ्यावा, नावं कोणाची घालावीत आणि जागा कुठली निवडावी, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी कोकणात दगडाची कामं करतो. मंदिरांचे जीर्णोद्धार, कोरीव पाट्या, समाध्या आणि काही गावांची सैनिक स्मारकं. त्या अनुभवावरून सांगतो: ते चित्र सध्या बाजूला ठेवा. त्यातली श्रद्धा खरी आहे, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली आहे.

तुमच्या पाटीवर नावं का नाहीत, ते आधी बघू. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने हिंदुस्थानातल्या अनेक गावांत अशा पाट्या लावल्या. मजकूर जवळपास सगळीकडे एकच, फक्त गावागणिक आकडे बदललेले. आपल्या भागातून गेलेले बरेच जण मराठा पलटणींत होते. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून अन्नावाचून झुंजत २९ एप्रिल १९१६ ला त्या वेढलेल्या फौजेला शत्रूपुढे शरण जावं लागलं, आणि पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किती तरी माणसं गेली. ज्यांची कबर सापडत नाही अशांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं. चाळीस हजारांवर माणसांचं ते स्मारक आहे. पण तिथे ब्रिटिश शिपायाचं नाव भिंतीवर कोरलं गेलं, आणि हिंदी अधिकारी सोडले तर हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या लिहिली गेली. युद्धकबरींची व्यवस्था बघणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य करून माफी मागितली.

म्हणजे तुमच्या गावचा एखादा तरुण बसऱ्याला आकडा झाला आणि चावडीच्या भिंतीवरही आकडाच राहिला. त्याचं नाव दगडावर येण्याची जागा आता एकच उरली आहे, ती म्हणजे त्याचा स्वतःचा गाव. म्हणून नव्या स्मारकाचं पहिलं काम नावं. खर्च, वेळ आणि भांडण्याची तयारी, तिन्ही त्यासाठी राखून ठेवा. नावं सापडली तर साध्या जांभ्याच्या कट्ट्याचंही स्मारक होतं. नावंच नसतील तर पुतळा कितीही उंच करा, जुन्या पाटीवरचा आकडाच मोठा करून मांडल्यासारखं होईल.

नावं सापडतात. शंभर वर्षं झाली म्हणून सोडून देऊ नका.

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी इंटरनेटवर खुली आहे. बसऱ्याच्या भिंतीवर जी नावं नाहीत त्यांपैकी कितीतरी या यादीत आहेत, कारण नोंदवह्या तयार झाल्या होत्या. पुष्कळ नोंदींत वडिलांचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. शोधताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, जिल्हा त्या काळचा टाका. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, तेव्हा मालवण-कणकवलीची माणसंही रत्नागिरीखालीच मिळतील. रायगड तेव्हा कुलाबा होता. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती. तालुक्यांच्या हद्दीही बदलल्या आहेत, त्यामुळे तुम्ही चिपळूण आणि दापोलीखालीही बघा. दुसरी, गावाचं आणि माणसाचं नाव कारकुनाच्या कानाला जसं वाटलं तसं इंग्रजीत लिहिलेलं आहे. गावाच्या नावाची सुचतील तितकी स्पेलिंग कागदावर मांडा आणि एकेक करून शोधा. तिसरी, आडनावावर भिस्त ठेवू नका. त्या वेळी पुष्कळांची नोंद फक्त स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने आहे. महार पलटणीतल्या जुन्या नावांच्या शेवटी ‘नाक’ असतं, कोरेगाव भीमाच्या स्तंभावरही अशी नावं आहेत. आज त्या घरातलं आडनाव जाधव, मोहिते, पवार असं काहीही असेल. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ नंबरची महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. हे माहीत नसेल तर बौद्धवाडीतली नावं यादीतून सहज निसटतात, आणि एकदा निसटली की स्मारक पुऱ्या गावाचं राहत नाही.

आता घराघरांत जा. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याची कड असते तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या पदकांवरही नावं असतात. जो मेला त्याच्या घरी साधारण पाच इंच व्यासाची कांस्याची तबकडी आली असेल. तिच्यावर सिंह, हातात माळ घेतलेली स्त्री आणि चौकटीत मृताचं नाव असतं, हुद्दा मुद्दामच दिलेला नसतो. ही तबकडी घरातल्या देव्हाऱ्यात, कणगीमागे, नाहीतर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मिळू शकते. पेन्शनची जुनी पुस्तकं, जंगी इनामाचे, म्हणजे युद्धसेवेबद्दल मिळालेल्या इनामाचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्याही बघा. म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका, ‘कोणाच्या लग्नानंतर’, ‘कुठल्या वादळाच्या साली’ असं विचारा.

आणि किनाऱ्यावरचे असूनही आपण ज्यांना विसरतो ते खलाशी. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर बॉयलरच्या खोलीत आणि डेकवर राबणाऱ्यांत कोकणातले खूप होते, त्यात मुस्लिम मोहल्ल्यांतले फार. पाणबुडीने जहाज बुडवलं की ही माणसं समुद्रातच राहिली, त्यांना ना कबर ना चिता. मुंबईत मस्जिद बंदराजवळ खलाशांच्या निवासाच्या इमारतीत पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविकांची नामावलीही मुंबईत ठेवलेली आहे. तुमच्या मुंबई मंडळातल्या दोघा-तिघांना एक दिवस तिथे पाठवा. दाभोळ खाडीच्या काठचं गाव आणि स्मारकावर एकही दर्यावर्दी नाही, असं व्हायला नको.

१९४७ नंतरची नावं मिळवणं सोपं आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला ग्रामपंचायतीचं पत्र द्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, त्याच्या त्याग चक्रात स्वातंत्र्योत्तर काळातल्या प्रत्येक हुतात्म्याचं नाव ग्रॅनाइटवर आहे. तिथली नोंद मिळाली की हुद्दा, नंबर आणि पलटण नक्की होतात.

कोणाची नावं घालायची, हे नावं गोळा करण्याआधी ठरवा, नंतर नको. यादी समोर आली की प्रत्येक नावामागे माणूस उभा राहतो आणि मग निकष ठरवता येत नाही. माझं मत असं: स्मारकावर फक्त सेवेत असताना मृत्यू आलेले. गोळीने, आजाराने, कैदेत, जहाजावर, बर्फात, अपघातात, सगळे सारखे. मेसोपोटेमियात तापाने आणि पटकीने माणसं गेली, त्यांना ‘लढून मेले नाहीत’ म्हणून वगळणं अन्याय आहे. आयोगानेसुद्धा पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरला आहे, म्हणजे लढाई थांबल्यावर इस्पितळात गेलेलाही त्यात येतो. आझाद हिंद सेनेत कोणी गेला असेल तर त्याचंही नाव याच स्मारकावर घ्या. इंग्रजांच्या बाजूने लढलेला आणि इंग्रजांविरुद्ध लढलेला, दोघांची आई याच गावातली. सीमा सुरक्षा दल आणि राखीव पोलीस दलातले सेवेत गेलेलेही घ्यावेत.

जे गेले आणि परत आले, जे आज निवृत्त आहेत, त्यांची नावं दगडावर नकोत. त्यांच्यासाठी एक चांगली बांधलेली नोंदवही करा, ग्रामपंचायतीत आणि शाळेत एकेक प्रत ठेवा. काही गावांनी हयात माजी सैनिकांची आणि देणगीदारांचीही नावं त्याच दगडावर घातली आहेत. तिथे आज उभं राहिलं तर मेलेला कोण, परत आलेला कोण आणि सिमेंटच्या गोणी देणारा कोण, हे कळत नाही. देणगीदारांसाठी पावती आणि कार्यक्रमपत्रिका आहे. स्मारकावर त्यांचं, सरपंचांचं, आमदारांचं, माझ्यासारख्या कारागिराचं, कोणाचंही नाव नको. हा मुद्दा ग्रामसभेच्या ठरावातच घाला, म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या रात्री वाद होणार नाही.

क्रम मृत्यूच्या सालाने लावा, एका साली दोघे असतील तर अकारविल्हे. हुद्द्याने लावू नका, वाडीनिहाय गट तर मुळीच पाडू नका. प्रत्येक नावाला सारखाच दगड, सारखंच अक्षर. सुभेदार असो की शिपाई, खलाशी असो की स्वयंपाकी, वरच्या आळीतला असो की बौद्धवाडीतला, दगडाच्या आकारात फरक नको. बसऱ्याला जे नाकारलं गेलं ते आपण आपल्याच गावात नाकारायचं नाही.

आता जागा. देवळाचं आवार सुचवलं जाईल, कारण तिथे मोकळी जागा असते आणि माणसं जमतात. मी तिथे नको म्हणेन. देवळाच्या आवारात पूर्वी कोणाला येऊ दिलं जात नव्हतं हे गावाला आठवतं, आणि मोहल्ल्यातल्या आजीला नातवाला घेऊन आजोबांच्या सख्ख्या भावाचं नाव दाखवायला यायचं तर तिला अवघडल्यासारखं होऊ नये. सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या जागेवर, किंवा तिच्या वाटेतही बांधू नका, शिमग्यात पालखी नाचवायला मोकळं अंगण लागतं. शाळेचं आवार किंवा ग्रामपंचायतीसमोरची जागा उत्तम. मुलं रोज जातात-येतात, एसटीची वाट बघणारी माणसं बसतात. रस्त्याला अगदी लागून मात्र नको. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात काय काय हललं ते आपण पाहिलं आहे, आणि गावातला रस्ताही केव्हातरी रुंद होणारच. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. ‘तोंडी दिलेली’ जागा मुलाच्या पिढीत परत मागितली जाते. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राची हद्द तपासून घ्या.

जागा ठरली की दगडाचं तोंड कुठे करायचं ते ठरवा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो येतो नैर्ऋत्येकडून, वाऱ्यावर आडवा. नावांचं तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा. मार पाठीवर बसतो आणि पाऊस थांबल्या दिवशी सकाळचं ऊन नावांवर पडून दगड सुकतो. एवढ्या एका निर्णयाने शेवाळ निम्म्याहून कमी होतं. माड, आंबा, वड आणि पिंपळ जवळ नकोत. झावळ दगड फोडते, आंब्याचा चीक डाग पाडतो आणि वडापिंपळाच्या मुळांपुढे कुठलंच बांधकाम टिकत नाही. सावली हवी तर बकुळ किंवा सुरंगी लावा, तीही दहा-बारा पावलं लांब.

पुतळ्याबद्दल स्पष्ट बोलतो. पुतळा त्याचा करावा ज्याचा चेहरा माहीत आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ ला एकट्याने मशीनगनचं ठाणं घेताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि तो योग्यच आहे, कारण तो त्यांचा आहे. तुमच्या गावातले गेलेले अनेक आहेत, काळ वेगवेगळे, कोणी फेट्यात, कोणी शिरस्त्राणात, कोणी जहाजावर लुंगीत. साच्यातून काढलेल्या फायबरच्या जवानाचा चेहरा यांतल्या कोणाचाच नसतो. शिवाय फायबर उन्हाने पिवळं पडून तडकतं, आतल्या लोखंडी सळया खाऱ्या हवेने गंजतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्याचे नट-बोल्ट गंजल्याचं पडण्याआधीच लेखी कळवलं गेलं होतं. समुद्रकाठी लोखंडाशी कोणीही सैल वागू नये, हे त्या घटनेने सगळ्यांना दाखवलं. सार्वजनिक जागी पुतळा उभारायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि कला संचालनालयाची मान्यता लागते, ते वेगळंच.

गॅसची ज्योतही नको. आठ दिवसांनी सिलिंडर कोण बदलणार, हा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात उभा राहतो आणि विझलेली ज्योत बघणं वाईट. त्याऐवजी दगडातच पणतीपुरता एक कोनाडा ठेवा. ज्या घरातला माणूस गेला त्या घराने त्याच्या तिथीला दिवा लावावा, मेणबत्ती लावावी, फूल ठेवावं, जे त्यांच्यात असेल ते करावं. कमानीचा खर्च दगडाकडे वळवा. अशोकस्तंभाचं सिंहचिन्ह कोरू नका, राज्यचिन्हाच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. पलटणीचं चिन्हही त्या केंद्राला विचारूनच वापरा. ध्वजस्तंभ उभारायचा तर २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि एखादा ठरलेला स्मृतिदिन एवढ्यापुरता. आषाढाच्या वाऱ्यात चोवीस तास फडकवलेला तिरंगा फाटतो, आणि फाटका तिरंगा फडकवणं ध्वजसंहितेला मंजूर नाही.

मग आकार कोणता? आपल्याकडे लढून मेलेल्यांसाठी दगड उभा करण्याची रीत इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. वीरगळ तुम्ही पाहिले असतील: उभी शिळा, खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतात, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. बोरिवलीच्या एकसरला तर नौकांच्या लढाईचे वीरगळ आहेत, वल्ह्यांच्या रांगा आणि पाण्यात पडलेली माणसं कोरलेली. किनाऱ्यावरच्या गावाला याहून जवळचा नमुना मिळणार नाही. वीरगळाची नक्कल करू नका, शिल्पपट्ट्या नकोत. पण उभ्या शिळेची ती घडण आणि माथ्यावरचे सूर्य-चंद्र घ्या. चंद्र-सूर्य असेपर्यंत, ही भावना कुठल्याही वाडीला परकी नाही. दीपमाळेचाही विचार माझ्या मनात येतो, आकार फार देखणा आहे, पण ती देवळाशी इतकी बांधलेली आहे की मिश्र वस्तीच्या गावात मी ती सुचवणार नाही.

माझी सूचना अशी. मध्ये माणसाच्या उंचीहून थोडी जास्त, साधारण सहा-सात फुटांची एक काळी शिळा. तिच्यावर गावाचं नाव, एक ओळ मजकूर आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. दोन्ही बाजूंनी अर्धगोल वळलेली, कंबरेएवढी जांभ्याची भिंत, आतल्या अंगाला बसायला कट्टा. नावं भिंतीच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील अशी, प्रत्येक नावाचा स्वतंत्र ग्रॅनाइटचा दगड साधारण दीड फूट बाय अर्धा फूट. स्वतंत्र दगडाचं कारण व्यवहाराचं आहे. कितीही तपासलं तरी एखादं नाव चुकतं, एखादं वर्षभराने सापडतं. एकाच मोठ्या फरशीवर नावं असतील तर खाडाखोड होते किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात भर घालावी लागते. सुटे दगड असले की तेवढाच बदलता येतो. भिंतीत जागा शिल्लक ठेवावी लागेल, ती का ठेवली हे सगळ्यांना कळतं आणि ते बोलून दाखवायची गरज नाही. तिथे साधा जांभाच असू द्या, रिकामी काळी चौकट नको.

बसायला कट्टा असावा यावर मी ठाम आहे. साखळ्यांनी वेढलेलं, कुलूप लावलेलं स्मारक वर्षातून दोनदा उघडतं. जिथे शाळकरी पोर बसून डबा खातं तिथे ते नाव वाचतं.

जांभा तुमच्याच चिरेखाणीतून घ्या, एका थराचा, घट्ट, कमी भोकांचा. खाणीतून काढलेला चिरा हवेने कडक होतो, म्हणून लगेच लावू नका, काही महिने मोकळ्यावर राहू द्या. जमिनीतलं पाणी जांभा वर ओढतो, तेव्हा तळाचा थर काळ्या दगडाचा घाला. भिंतीच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला उतार असलेले काळ्या दगडाचे झाकणे बसवा, कड तीन-चार इंच पुढे आलेली आणि खालून खाच मारलेली, म्हणजे पाणी नावांवरून ओघळणार नाही. प्लास्टर करू नका, लाल ऑक्साइडचा किंवा तैलरंगाचा हात तर कधीच देऊ नका, आत अडकलेली ओल चिरा फोडते. एवढ्या बुटक्या भिंतीला सळई लागतच नाही, आणि सळई नाही तर गंजही नाही. शिळेच्या पायात काँक्रीट लागेल तिथे किनाऱ्यासाठी किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण, लाटांचे तुषार येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. हे भारतीय मानकातलेच आकडे आहेत, ठेकेदाराला लेखी द्या. दगड जोडायच्या खिळ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या. बाजारात ‘स्टेनलेस’ म्हणून मिळणारं ३०४ खाऱ्या हवेत डाग धरतं.

नावांसाठी संगमरवर नको. तो आपल्या पावसात दोन-तीन वर्षांत काळा-हिरवा होतो आणि पृष्ठभाग खरखरीत होत जातो. घाटावरचा काळा पाषाण मला स्वतःला सर्वांत प्रिय, पण कोरलेलं अक्षर आणि बाकीचा दगड एकाच रंगाचे दिसतात, ढगाळ दिवसात नाव वाचता येत नाही. काळा ग्रॅनाइट पॉलिश केला की काळाभोर आणि कोरलं की आतून राखाडी-पांढरा निघतो, रंग भरावाच लागत नाही. हा मुद्दा फार मोठा आहे. सोनेरी रंग भरलेली अक्षरं उद्घाटनाला सुंदर दिसतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात अर्धी गळतात, मग दर वर्षी कोणीतरी ब्रश घेऊन नावाचं रूप बदलत राहतो. जाडी किमान दोन इंच घ्या. ओट्याचा पातळ ग्रॅनाइट घेतला तर खोल अक्षर मारताच येत नाही.

अक्षर छिन्नीने, तिरप्या दोन बाजूंचं, तळाशी टोक येणारं मारून घ्या. खोली पाच मिलिमीटर तरी. वाळूच्या फवाऱ्याने केलेलं उथळ अक्षर स्वस्त पडतं, पण त्यात पाणी साचून शेवाळ धरतं. अक्षराची उंची मात्रा-वेलांट्या सोडून एक इंच ठेवा, आठ-दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. दोन ओळींमध्ये अक्षराच्या दुप्पट तरी अंतर हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. संगणकावरून नमुना काढला तर ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते बघा, बहुतेक फॉन्टांत आणि उत्तरेकडच्या कारागिरांच्या हातात हिंदी वळण असतं. रफार, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार त्या घरातला माणूस समोर बसवून तपासा.

मजकूर थोडका ठेवा. माणसाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली वाडी, पलटण किंवा जहाज, ठिकाण आणि साल. वडिलांचं नाव किंवा आडनाव सापडलं नाही तर जेवढं सापडलं तेवढंच कोरा, अंदाजाने जोडू नका. नावच मिळालं नाही अशा माणसासाठीही एक दगड ठेवा: ‘या गावचा एक सैनिक’ आणि युद्धाचं साल. पाटीवरचा मृतांचा आकडा आणि पहिल्या महायुद्धातल्या तुमच्या दगडांची संख्या जुळली पाहिजे. मध्यवर्ती शिळेवर कवितेच्या ओळी किंवा घोषणा नकोत.

जुनी पाटी टाकायची नाही, नवीन भिंतीतच तिला जागा द्या. ती इंग्रज सरकारची आहे म्हणून काहींना नकोशी वाटेल, पण गावातून माणसं गेली याचा गावापुढचा तो पहिला पुरावा आहे. सफाईला साधं पाणी आणि मऊ ब्रश. संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही लावू नका, संगमरवर चुन्याचाच असल्याने ते दगडच खातं. अक्षरांत शिसं भरलेलं असेल आणि काही ठिकाणी पडलं असेल तर सिमेंट किंवा रंग भरू नका, तसंच राहू द्या. पाटीला तडा गेला असेल तर जोडकाम जाणत्या माणसाकडून करून घ्या. बसवताना मागे बोटभर पोकळी ठेवून स्टीलच्या पकडींवर बसवा, माथ्यावर झाकणा आणा, आणि शेजारच्या दगडावर तिचा मजकूर मराठीत द्या.

वेळापत्रक गावाच्या वर्षाशी जुळवा. निकषांचा ठराव गणपतीआधीच्या ग्रामसभेत. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा यादीचा कच्चा मसुदा ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत, बुद्धविहारात, मशिदीत आणि देवळात लावा आणि घरोघरी वाचून दाखवा. हरकती शिमग्यापर्यंत घ्या, कारण काही घरं शिमग्यालाच उघडतात. चिरा दिवाळीनंतर काढून ठेवा, पाया आणि भिंत माघ-फाल्गुनात, नावांचे दगड अगदी शेवटी. कारागिराला अंतिम यादी देताना प्रत्येक पानावर त्या त्या घरातल्या माणसाची सही असू द्या. काम मृगाच्या आत संपत नसेल तर ओढून-ताणून संपवू नका, ओल्या भिंतीत दगड बसवले तर जोड सुटतात. एक पावसाळा थांबा, नुसत्या भिंतीवरून पाणी कसं वाहतं ते बघा, दोष दिसले तर दुरुस्त करा आणि मग नावं लावा. देखभालीत दर वर्षी दिवाळीच्या सुमारास पाण्याने धुणं आणि पाच वर्षांनी सांधे तपासणं एवढंच येतं, ते शाळेकडे द्यावं असं मला वाटतं. शाळेच्या व्हरांड्यातली पाटी मात्र या पावसाळ्याआधी जमिनीवरून उचलून दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवा, खालून ओल चढते आहे.